दोन नावांची यादी

क्षयरोग नियंत्रणाच्या कामात मी अकरा वर्षे काढली होती. त्यामुळे २०२० मध्ये आमच्यापैकी बहुतेकांना कोविडच्या सहवासितांचा, म्हणजे बाधिताच्या संपर्कात आलेल्यांचा, शोध घेण्याच्या कामावर पाठवण्यात आले, तेव्हा मला त्यात फारसे नवे काही वाटले नव्हते. रुग्णाजवळ कोण राहते, कोण खोकते, कोणाला तपासायला हवे हे विचारणे मी करतच आले होते. फरक वेळेचा होता. क्षयरोगात आजची भेट परवावर गेली तरी सहसा फार बिघडत नाही. कोविडमध्ये मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू लागतो, आणि संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तेव्हा साधारण पाच-सहा दिवसच जात असल्यामुळे, नमुना देऊन अहवाल हाती येईपर्यंत साखळीची पुढची कडी जोडलीही गेलेली असते. २००३ च्या सार्स या श्वसनविकाराच्या साथीत रुग्ण चांगला आजारी पडल्यावरच अधिक संसर्गजन्य होत असे, म्हणून रुग्ण आणि सहवासित शोधून वेगळे ठेवण्याच्या जुन्या उपायाने ती साथ आटोक्यात आली. कोविडमध्ये आम्ही कितीही धावलो तरी उशीर झालेलाच असे.

तो ऑक्टोबरच्या सुरुवातीचा गुरुवार होता. सकाळच्या यादीतला माझा पहिला रुग्ण पंचेचाळिशीच्या आसपासचा, एका कार्यालयात हिशेब सांभाळणारा गृहस्थ होता. सोमवारी ताप आला, बुधवारी नमुना दिला, रात्री अहवाल बाधित आला. म्हणजे शनिवारपासूनचे सहवासित शोधायचे होते. एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटांहून अधिक वेळ समोरासमोर आलेले कोण, हा आमचा ठरलेला प्रश्न होता. त्यांनी दोन नावे दिली : पत्नी आणि आई. कार्यालयात सगळे लांब बसतात, मुखपट्टी असते, बाकी आपण कुठेच जात नाही, असे त्यांनी इतक्या सरळ सुरात सांगितले, की उत्तर आधीच तयार ठेवलेले असावे असे मला वाटले. दोन नावांच्या याद्या खऱ्याही असतात. पण ज्याला संसर्ग घराबाहेरच झाला असणार, त्याच्या यादीत बाहेरचे एकही माणूस नसावे हे मला पटेना.

नियमाप्रमाणे मी त्यांच्या पत्नीला वेगळा फोन केला. घरात खोल्या किती, सासूबाई कोणत्या खोलीत झोपतात, जेवण एकत्र होते का, असे नेहमीचेच प्रश्न होते. जेवणाच्या प्रश्नावर त्या सहज म्हणाल्या, "एरवीही एकत्र कुठे होतं? ते अकराला येतात, तोवर सासूबाई झोपलेल्या असतात."

कार्यालय साडेपाचला सुटत होते. मधल्या साडेपाच तासांचा हिशेब यादीत नव्हता, आणि जे कळले ते मला त्यांच्यापुढे मांडता येत नव्हते. एकाने सांगितलेले दुसऱ्याला सांगायचे नाही, नवरा-बायकोलासुद्धा नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. क्षयरोगात, गुप्तरोगांत आणि आता इथेही, लोक आपल्याशी बोलतात ते तो पाळला जातो या भरवशावरच.

दुपारी समोरच्या टेबलावरची सहकारी आपली यादी वाचून दाखवत होती. तिच्याकडची एक बाई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी होती, तिलाही ताप सोमवारीच आलेला, आणि तीही रोज रात्री उशिरा घरी पोहोचणारी. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. पण एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांना एकाच दिवशी लक्षणे दिसली, तर पाच-सहा दिवस मागे त्यांची वाट कुठे तरी एक झाली होती का, हे पाहावेच लागते.

आमचा प्रश्नावलीचा अर्ज पुढे पाहणारा होता : तुमच्यामुळे कोणाला लागण झाली असेल? मागे पाहणारा प्रश्न, म्हणजे तुम्हाला ती कोठून झाली, हा शेवटच्या पानावरच्या एका चौकटीत होता, आणि घाईत तिथे 'अज्ञात' लिहून पुढे जायची सवय पडली होती. वास्तविक या विषाणूचा स्वभावच असा, की बहुतेक बाधितांकडून एकालाही लागण होत नाही आणि थोड्यांकडून पुष्कळांना होते. त्यामुळे रुग्णाच्या मागे जाऊन त्याला जिथे लागण झाली ती जागा शोधली, तर तिथे एकाऐवजी दहा जण सापडण्याची शक्यता अधिक. जपानने २०२० च्या सुरुवातीपासूनच असे समूह शोधण्यावर भर दिला होता.

मी पुन्हा फोन लावला. कोणाला भेटलात हे विचारले नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या आसपास कोणी खोकत होते का, बंद जागेत तुम्ही जास्त वेळ कुठे होतात, तुम्हाला हा आजार दिला कोणी असेल, असे विचारले. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. फोन कट झाला असे समजून मी ठेवणार, तोच ते म्हणाले, "ताई, माझं नाव कुठे येईल का?" सकाळपासून ते मला मॅडम म्हणत होते.

संध्याकाळी सहा ते दहा ते एका तळघरात माल बांधण्याचे काम करत. कागदावर नसलेले काम. अकरा जण अधिक ते. खिडकी नाही, पंखे भिंतीकडे तोंड करून लावलेले, आणि मागच्या बुधवारी एक जण सतत खोकत होता. शनिवारी आणि सोमवारीही ते गेले होते. सोमवारी अंगात कणकण असताना. अशा जागेत मीटर आणि मिनिटे मोजण्यात अर्थ नव्हता, सगळेच सहवासित. आत जाताना सर्वांचे फोन एका खोक्यात काढून ठेवले जात, हे ऐकून मला जवळ आलेले फोन ब्ल्यूटूथवर नोंदणाऱ्या त्या ॲपची आठवण झाली, ज्यावर मार्चमध्ये सिंगापूरने सुरुवात केल्यापासून अनेक देशांनी आशा ठेवली होती. इथे बारा फोन चार-चार तास एकमेकांना चिकटून होते. ॲप असते तर त्याने अचूक निदान केले असते, माणसांची भेट न मोजताच. पण त्यांच्या फोनमध्ये ते नव्हते, आणि इतरांच्या असेल असे त्यांना वाटत नव्हते.

"त्या लोकांना चौदा दिवस घरी बसवाल," ते म्हणाले, "मजुरी कोण देणार?"

याचे प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नव्हते. अलगीकरणाचा आदेश आम्ही त्याच दिवशी काढू शकत होतो. मदतीच्या अर्जाला उत्तर यायला अलगीकरण संपून जाई. नाव सांगणार नाही, एवढे मी देऊ शकत होते. तेही मी जसे होते तसे सांगितले : आमच्याकडून नाव जाणार नाही, पण बारा जणांत मंगळवारपासून तुम्ही दिसत नसाल, तर लोक अंदाज बांधतील. एका सहकाऱ्याला हे बोलणे आवडले नाही. असे सांगितले तर कोण नावे देईल, हा त्याचा मुद्दा होता. मला आजही वाटते की अर्धे सत्य सांगून मिळवलेली यादी पुढच्या वेळी मिळत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात एका बाधिताने आपण एका दुकानातून केवळ खरेदी केल्याचे सांगितले, प्रत्यक्षात तो तिथे कामाला होता. त्या चुकीच्या माहितीच्या आधारे संपूर्ण राज्यात टाळेबंदी लागली आणि खरे कळल्यावर ती मुदतीआधी उठवावी लागली. ती बातमी वाचताना मला हाच गुरुवार आठवला.

त्यांनी नावे दिली. आडनावे त्यांना ठाऊक नव्हती, क्रमांक चारच होते. त्या चौघांकडून बाकीचे, असे करत रात्री नऊपर्यंत आम्ही नऊ जणांपर्यंत पोहोचलो. सहकारीकडची ती बाई त्यांतलीच निघाली. पुढच्या तीन दिवसांत बाधितांचा आकडा तिच्यासह पाचवर गेला. खोकणाऱ्या माणसाने तपासणी केलीच नव्हती, कारण तपासणी म्हणजे सुट्टी. दोघे आम्हाला कधीच सापडले नाहीत.

कोणत्याही फोनमध्ये मी त्या गृहस्थांचे नाव घेतले नाही. तिसऱ्याच माणसाने ते स्वतः घेतले आणि मला विचारले, "त्यांनीच सांगितलं ना?" मी म्हटले, हे मी सांगू शकत नाही. तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'मध्ये त्याला जे कळायचे ते कळले होते.

त्या गृहस्थांच्या आईंना लागण झाली नाही. पाठपुराव्याच्या शेवटच्या दिवशी मी फोन केला तेव्हा ते बरे होते, चव अजून परत आली नव्हती. तळघर बंद झाले होते. तिथल्या कोणाशी बोलणे होते का, हे अर्जात नसूनही मी विचारले.

"मी लावतो," ते म्हणाले, "उचलत नाहीत."

मी 'लक्षणे नाहीत' या रकान्यात खूण केली आणि पुढचा क्रमांक लावला.