सातवं बदक

“सहा मारताना काही वाटत नाही, मग सातव्यालाच कसा धर्म आठवतो?”

शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारतात, आत्या फोनवर विचारते, इंदापूरला गेलं की चुलतभाऊ विचारतात. मी मिनेसोटात राहते, दर वर्षी पानगळीत बदकांच्या शिकारीला जाते, आणि त्यातूनच शेजारच्या आजोबांशी माझं तुटलं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांनी त्या दिवशी ठरलेल्या आकड्यापेक्षा, म्हणजे माणशी रोजच्या सहापेक्षा, दोन बदकं जास्त मारली आणि शिकारीचे नियम बघणाऱ्या वॉर्डनसमोर ते माझ्या तोंडून बाहेर आलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते. यानंतर रांगेत उभं राहून उत्तर द्यायची माझी तयारी नाही.

काही वाटत नाही, हे आधी खोडते. वाटतं. पहिल्या बदकालाही वाटतं. पाण्यातून उचललं की अंग ऊबदार असतं आणि पिसांवर पाणी ठरत नाही. जखमी होऊन लव्हाळ्यात शिरलेलं बदक शोधायचा मनापासून प्रयत्न केलाच पाहिजे, असा कायदा आहे. नाहीच सापडलं तरी मी ते माझ्या सहात धरते; कायदा तेवढं मागत नाही. ज्यांना एकही बदक मारणं पटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे आणि त्यांच्यापुढे मी गप्प बसते. माझं भांडण रविवारी चिकन आणून मला सातव्याचा हिशेब विचारणाऱ्यांशी आहे.

सहा हा आकडा कुणाच्या भुकेवरून आलेला नाही. दर मे महिन्यात अमेरिका आणि कॅनडाच्या वन्यजीव खात्यांचे वैमानिक उत्तरेकडच्या गवताळ मुलखावरून ठरलेल्या रेषांनी, अगदी खालून विमानं नेतात आणि बदकं मोजतात. त्यांच्याबरोबर पाणी असलेली तळीही मोजतात, कारण तळी भरलेली असली तर पिल्लं जगतात. १९५५ पासून हे चाललं आहे, मधली कोविडची दोन वर्षं सोडली तर. त्या मोजणीवरून पुढच्या हंगामाचे दिवस आणि आकडे ठरतात. आमच्याकडची बदकांची वाट मिसिसिपी नदीच्या बाजूनं दक्षिणेला उतरते. या वाटेवर सध्या ६० दिवस आणि माणशी रोज ६ बदकं. त्यात मॅलर्ड जातीची चारच, त्या चारांत माद्या दोनच, वूड डक जातीची तीन. १९८८ ते १९९३ उत्तरेत पाणी नव्हतं तेव्हा याच वाटेवर ३० दिवस आणि ३ बदकं एवढंच होतं. हंगाम कुठल्याही वाटेवर १०७ दिवसांपुढे जात नाही, आणि १० मार्च ते १ सप्टेंबर बंदूक बंदच.

हे आकडे कशातून आले तेही विसरू नका. १९१४च्या १ सप्टेंबरला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची कबुतरीण मेली. आकाश झाकून जाईल अशा थव्यांनी उडणाऱ्या पॅसेंजर पिजनमधली ती शेवटची. बाजारात विकण्यासाठी मारून मारून ती जात संपवली होती आणि बदकांचंही तेच चाललं होतं. स्थलांतरी पक्षी वाचवायला १९१६ साली कॅनडासाठी ब्रिटनशी करार झाला, १९१८ साली कायदा आला. मिझुरी राज्य कोर्टात गेलं: आमच्या हद्दीतले पक्षी आमचे. १९२० साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. काल जो पक्षी इथं आला नव्हता आणि आठवड्यानं हजार मैलांवर असेल, त्याच्यावर एका राज्याची मालकी कशी? पुढे १९३६ साली मेक्सिकोशीही करार झाला.

माझं उत्तर इथं आहे. आमच्या तळ्यावर उतरलेलं बदक कॅनडातल्या सस्काचवानच्या एखाद्या शेतातल्या डबक्यात वाढलेलं असतं आणि त्याला लुईझियानात किंवा मेक्सिकोत हिवाळा काढायचा असतो. वाटेतल्या प्रत्येकाचा त्यावर थोडा हक्क आहे, आणि मारू नका म्हणणाऱ्यांचाही आहे. त्या सगळ्यांनी मिळून मला सहापर्यंत मुभा दिली आहे. सातवं मला कुणी दिलेलं नाही.

चुलतभाऊ म्हणतात, आपल्याकडे बरं, सरळ बंदी. खरंच बरं आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला जी तलवार बदकं आणि थापटे हिवाळ्यात उतरतात, त्याच जातींची बदकं इथं आमच्या डोक्यावरून जातात. फक्त तिकडची सैबेरियाकडून येतात आणि इकडची कॅनडाकडून. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून मी ती पाहिली आहेत. १९७२च्या कायद्यानं भारतात त्यांना हात लावता येत नाही आणि तो कायदा सैल करा असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्याआधी आपल्याकडे काय होतं? भरतपूरला दगडावर कोरून ठेवलं आहे: १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी. त्यांच्यापुढे कुठला आकडाच नव्हता.

आता आजोबा.

ते आमच्या शेजारी राहत. आयुष्यभर शाळेची बस चालवली. त्यांना आजोबा हे नाव माझ्या मुलांनी दिलं आणि त्यांनी ते मनापासून घेतलं. वाढदिवसाच्या कार्डावर इंग्रजी अक्षरांत ‘आजोबा’ अशीच सही करत. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसू नयेत म्हणून घालायचा अडसर त्यांनीच मला दाखवला. पहिलं बदक नेमकं कुठं पडलं ते डोळ्यांनी धरून ठेवल्याशिवाय दुसऱ्यावर नेम धरायचा नाही, हे त्यांनी शिकवलं. पोस्टात जाऊन माझा पहिला डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी घ्यावा लागणारा स्टॅम्प, त्यांनीच आणला. १९३४ साली एक डॉलरला सुरू झालेला तो स्टॅम्प आता पंचवीस डॉलरना मिळतो आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी घेण्यावर आणि राखण्यावर जातात, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. दुष्काळाच्या त्या वर्षांत तीनची मुभा असतानाही त्यांनी बंदूक भिंतीवर टांगून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी नाही, तर आपणही नाही, एवढंच.

आणि याच माणसाच्या घरात ‘बोटीचा हिशेब’ चालत आला होता. वडील आणि तीन भाऊ एका बोटीत जायचे. कुणी किती मारली हे कुणी बघायचं नाही; बोटीतली माणसं गुणिले मुभा, त्यात सगळं बसलं की झालं. कायदा तसं म्हणत नाही. मुभा माणशी आहे, दुसऱ्याच्या वाट्याचं आपण मारायचं नाही. त्यांना ते माहीत होतं. पण आठ मुलांचं घर ज्या रीतीनं जेवलं, त्या रीतीला ते चोरी म्हणायला तयार नव्हते.

ऑक्टोबरअखेरचा दिवस होता. वायव्येचा वारा, पाण्यात जंगली भाताची वाळलेली ताटं आणि त्यातच केलेलं आमचं लपण. सकाळभर रिंगनेक बदकांचे थवे वाऱ्यावर येत होते. आजोबांची सहा झाली होती, माझी तीन. खरं तर त्यांनी बंदूक रिकामी करून कुत्र्याकडे बघत बसायचं. तेवढ्यात माझ्या बाजूनं एक जोडी पाण्यात सोडलेल्या आमच्या नकली बदकांवर पंख टाकून उतरायला लागली. मी बंदूक उचलायला उशीर केला. त्यांनी दोन बार काढले, दोन्ही पडली. कुत्रा घेऊन आला. ती माझ्या पट्ट्याला अडकवत ते म्हणाले, “तुझ्या नावावर.” मी काही बोलले नाही. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते आज कितीही आठवलं तरी हाती लागत नाही. थंडी होती आणि दोन्ही नेम सुंदर होते, एवढंच आठवतं.

धक्क्यावर वॉर्डन उभा होता. तरुण होता, नम्र होता. परवाना, स्टॅम्प, बंदुकीतला अडसर सगळं बघितलं. त्यांच्या पट्ट्याला सहा, माझ्या पट्ट्याला पाच. सगळं नियमात. जाता जाता त्यानं मला विचारलं, “ही पाचही तुम्हीच मारलीत?”

मी म्हटलं, “तीन.”

तेवढाच शब्द. त्यानं आजोबांकडे बघितलं. ते म्हणाले, “दोन माझी.” मग कागद निघाला, दंड लिहिला गेला, बदकं जप्त झाली. परतीच्या दोन तासांत ते काही बोलले नाहीत. रेडिओही लावला नाही. घरी आल्यावर माझं सामान नेहमीसारखं उचलून आमच्या दाराशी ठेवलं, बंदुकीची पिशवी भिंतीला नीट टेकवली. मग म्हणाले, “मी तुला खोटं बोल म्हटलं नव्हतं. तू क्षणभर माझ्याकडे बघितलं असतंस, तर मीच सांगितलं असतं.”

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. मुलांच्या वाढदिवसाचं कार्ड आलं, त्यावर सहीत त्यांचं खरं नाव होतं.

लोकांना यावर निकाल हवा असतो. मंडळात काही जण म्हणतात, सत्याला धरून राहिलीस. तळ्यावरची मंडळी म्हणतात, दोन रिंगनेकपायी म्हातारा माणूस घालवलास. ती बदकं चर्चच्या जेवणात जाणार होती हेही ते आवर्जून सांगतात, आणि ते खरं आहे.

पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना वर लिहिलेलं उत्तर द्यायची: सातवं दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मोठ्या ठामपणे द्यायची. आज ते मला खोटं वाटत नाही, पण तेव्हाच्या माझ्या ठामपणाशी मला भांडावंसं वाटतं. तेव्हा माझं नागरिकत्व व्हायचं होतं. हातात बंदूक असलेली परदेशी बाई, समोर गणवेशातला माणूस. ‘तीन’ हा शब्द कायद्याच्या प्रेमानं आला की भीतीनं? त्या दिवशी पासपोर्ट अमेरिकेचा असता तर मी आजोबांकडे बघायला थांबले असते का? मला उत्तर येत नाही, आणि ‘सत्याला धरून राहिलीस’ म्हणणाऱ्यांचं कौतुक म्हणूनच मला घेववत नाही.

शिवाय आकड्याची बाजूही दिसते तेवढी पक्की नाही. दोन रिंगनेकनी त्या जातीचं काही बिघडलं नाही, हे कुठलाही जीवशास्त्रज्ञ सांगेल. बदकांचं भवितव्य मुख्यतः पाण्यावर ठरतं. २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळपास २९० कोटी पक्षी कमी झाले. गवताळ रानातले पक्षी, ज्यांच्यातल्या बहुतेकांवर कुणी बंदूक धरत नाही, निम्म्याहून कमी उरले. बदकं आणि हंस मात्र वाढले, कारण त्यांच्या पाणथळ जागांसाठी पैसा उभा राहिला आणि त्यातला बराचसा शिकाऱ्यांच्या खिशातून आला. म्हणजे आजोबांच्या त्या अनेक वर्षांच्या स्टॅम्पांनी जेवढी बदकं जगवली असतील, त्यापुढे ती दोन काहीच नाहीत. हे मी स्वतःहून मांडते आहे, कारण त्यांच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी मंडळात नसतं.

आणि पिनटेलचं, म्हणजे आपल्या तलवार बदकाचं, बघा. कित्येक वर्षं पिनटेल दिवसाला एक, फार तर दोन. दुसरं आलं की मी बंदूक खाली घ्यायची, आणि त्या खाली घेण्यात मला काहीतरी पवित्र वाटायचं. २०२५च्या हंगामापासून तीन चालतात. पिनटेल काही वाढलेले नाहीत, संख्या जुन्या सरासरीच्या बरीच खाली आहे. फक्त नव्या गणितात तीन मारले तरी चालतील असं निघालं. मग माझ्या त्या पावित्र्याचं काय झालं? जो पक्षी काल दुसऱ्या कुणाचा होता, तो एका कागदानं माझा झाला का? मी अजूनही एकावरच थांबते. का थांबते हे मला नीट सांगता येत नाही. आजोबांनी बंदूक टांगली तेव्हा त्यांनाही बहुधा सांगता आलं नसतं.

तरीही आकडा सोडून द्यावा असं मला वाटत नाही. तळ्यावर वॉर्डन वर्षानुवर्षं दिसत नाही. पहाटेच्या अंधारात ताटांमध्ये बसलेल्या माणसाला थांबवणारं त्याच्या डोक्यातल्या मोजणीखेरीज काही नसतं. प्रत्येक बोटीनं आपला वेगळा हिशेब ठेवायचा म्हटलं, तर आजोबांसारखी माणसं पोटापुरता ठेवतील आणि बाकीचे भरतपूरचा ठेवतील. कुठली बोट कुठली, हे मेमधल्या विमानातून दिसत नाही.

गेल्या महिन्यात आजोबांच्या मुलीचा निरोप आला. तिचा मुलगा बारा वर्षांचा झाला. सप्टेंबरात मुलांसाठी खास शिकारीचे दिवस असतात. मोठ्यांनी बरोबर जायचं, बंदूक मुलानंच धरायची. आजोबांचे गुडघे आता चिखलात चालत नाहीत. मी नेईन का, असं तिनं विचारलं आहे. आजोबांना हे माहीत आहे की नाही, ते तिनं लिहिलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. नेलं तर पहिल्याच सकाळी मला त्या मुलाला सांगावं लागेल की तुझी बदकं तुझ्याच पट्ट्याला, माझ्या नाही, कुणाच्याच नाही. तो का म्हणून विचारेल. मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.