ड्राय बाल्कनी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास अखेर ठरला, आणि गेल्या आठवड्यात एका दुपारी जेवणे आटोपल्यावर मी नव्या सदनिकेचा नकाशा टेबलावर पसरून बसलो. गुंडाळी सारखी मिटत होती, म्हणून एका टोकावर लोणच्याची बरणी आणि दुसऱ्यावर आईच्या चष्म्याचे घर ठेवले. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी पट्टी दाखवली होती आणि तिच्यावर लिहिले होते, ‘ड्राय बाल्कनी’.

पुण्यात हा शब्द इतका रुळला आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मला मात्र दर वेळी वाटते. कपडे धुण्याचे यंत्र तिथे, भांडी घासणे तिथे, फरशी पुसून झाल्यावर बादली उपडी होते तीही तिथेच. न्हाणीघराखालोखाल घरातली सर्वांत ओली जागा कोणती म्हणाल, तर हीच. जुन्या घरांत तिला मोरी म्हणत, आणि मोरीने कोरडे असावे अशी कोणाची अपेक्षा नसे.

‘चटई क्षेत्र’ हा असाच दुसरा शब्द. घरात जेवढ्या जागेवर चटई अंथरता येईल तेवढी जागा, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. परंतु २०१६ च्या रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या, कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी या क्षेत्रात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मात्र वगळतात. भिंतीखाली चटई कशी सरकवायची, हे कायद्याने सांगितलेले नाही. त्यातून भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल ते ठरवणाऱ्या गुणोत्तरालाही ‘चटई क्षेत्र निर्देशांक’च म्हणतात, त्यामुळे सोसायटीच्या सभेत अर्धे सभासद एका चटईवर बोलत होते आणि अर्धे दुसऱ्या.

बांधकामाचे शब्द मी प्रथम ऐकले ते कागदावर नव्हे. १९७६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहकारनगरला वडिलांचे छोटे घर उभे राहत होते. सिमेंट परमिटवर मिळण्याचे ते दिवस होते, म्हणून वडील रोज संध्याकाळी पोती मोजत आणि मी त्यांच्यामागे पुन्हा मोजत असे. मिस्त्री प्लिंथला जोते म्हणत, प्लास्टरला गिलावा म्हणत, आणि मला जवळ बोलावून ओळंबा हातात देत. दोरीच्या एका टोकाला पितळी लंबक आणि दोरीत ओवलेला, लंबकाच्याच रुंदीचा एक लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा, लंबक खाली सोडायचा आणि तो हेलकावे थांबेपर्यंत श्वास रोखून वाट पाहायची. लंबक भिंतीला नुसता स्पर्शून राहिला तर भिंत ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी; दाबून टेकला किंवा अंतर ठेवून लटकला तर मिस्त्रींच्या तोंडून जे निघे ते इथे लिहिण्याजोगे नाही. स्लॅब ओतून झाल्यावर तिच्यावर बारीक बांध घालून वाफे केले होते आणि त्यांत पाणी भरून ठेवण्याचे काम आम्हा मुलांकडे होते. सिमेंट वाळून घट्ट होते असा माझा समज होता; ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते आणि लवकर वाळले तर उलट कच्चे राहते, हे मिस्त्रींनी सांगितले तेव्हा मला ती थाप वाटली होती. आता त्याला सगळेच क्युरिंग म्हणतात. आम्ही ‘पाणी मारणे’ म्हणत असू, आणि दुपारच्या उन्हात ते एकमेकांवरही मारत असू.

एवढ्यात आई चष्म्याचे घर उचलायला आली आणि नकाशाचा तो कोपरा गुंडाळला गेला. आईचे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. तिने नकाशाकडे पाहिले आणि विचारले, “दिवाणखाना किती खणांचा आहे रे?”

मी चौरस फूट सांगितले. तिने ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि तिच्या लेखी खोली चार खणांची असते किंवा पाच खणांची. आढ्याकडे नजर टाकली की मोजून होते, त्याला टेप लागत नाही. मी नकाशात तुळया शोधू लागलो. त्या या कागदावर नव्हत्याच. बीम आणि कॉलम वेगळ्या नकाशात असतात आणि तो नकाशा आर.सी.सी., म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, सल्लागाराकडे असतो. शिवाय तुळया सापडल्या असत्या तरी त्या खोली मोजायला उपयोगी पडल्या नसत्या, कारण आता पुष्कळशा तुळया भिंतींच्या माथ्यावरच दडवलेल्या असतात.

“बरं, ते जाऊ दे,” आई म्हणाली. “कपडे कुठे वाळत घालायचे?”

मी ड्राय बाल्कनीवर बोट ठेवले.