आमची वाटचाल : शून्य त्रुटींची रात्र

आम्ही बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा परत काढून देतो. आमच्या टेबलावर आलेली पहिली डिस्क ४० जीबीची होती, आणि खरं तर तिच्यात डिस्कचा असा बिघाड नव्हताच. मालकांनी भलताच अडॅप्टर लावला, डिस्कच्या सर्किट बोर्डातून धूर निघाला, आणि एकाकडून ‘गेली, फेकून द्या’ असं ऐकून ते आमच्याकडे आले. माझा भागीदार मल्टिमीटर घेऊन बसला. १२ व्होल्टच्या लाइनवरचा टीव्हीएस डायोड शॉर्ट दाखवत होता. जास्तीचं व्होल्टेज आलं की स्वतः मरायचं आणि मागचा बोर्ड वाचवायचा, एवढंच त्या डायोडचं काम. त्याने ते चोख केलं होतं. भागीदाराने हॉट एअरने तो उचलला, तपासलेल्या सप्लायवर डिस्क लावली आणि मोटर फिरली. दहा मिनिटांचं काम. डिस्कचे मालक छापखाना चालवतात. त्यांना आम्ही त्या दिवसापासून काका म्हणतो, आणि पुढची अर्धी गोष्ट त्यांचीच आहे.

भागीदाराच्या हाताबद्दल लिहिलंच पाहिजे. आठ पायांची रॉम चिप एका बोर्डावरून उतरवून दुसऱ्यावर बसवताना त्याचा श्वासही ऐकू येत नसे. अजूनही लोक त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड मिळवून लावतात आणि डिस्क खटखट करते म्हणून चकित होतात. त्या रॉममध्ये त्याच डिस्कच्या हेडांची, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या टोकांची, कारखान्यात मोजलेली मापं असतात. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचायला बसल्यासारखं होतं ते. आधी रॉम हलवा, मग बोर्ड बदला. हे कुणी विचारलं नव्हतं, पण आठवड्याला अशी एक तरी डिस्क येते म्हणून सांगितलं.

त्याचा एक नियम होता. ग्राहकाची डिस्क आली की तिच्यावर लाल चिकटपट्टी आणि वहीत सीरियल नंबर. केबल लावायच्या आधी तो नंबर मोठ्याने वाचायचा, आज्ञा देण्याआधी स्क्रीनवरच्या नंबराशी पुन्हा ताडून बघायचा. मी त्याला त्याचं सोवळं म्हणायचो आणि हसायचो.

सुरुवातीला आमच्याकडे हत्यारं म्हणजे एक जुनं मशीन, लिनक्स आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी उतरवणारा प्रोग्रॅम. डेटा काढण्यासाठीच बनलेलं पीसी-३००० कार्ड फार उशिरा आलं. पण डीडीरेस्क्यूला नावं ठेवणारा माणूस मला आवडत नाही. आधी सोपा भाग झपाट्याने उचलायचा, अडलं की पुढे उडी मारायची, कुठे अडलं ते मॅपफाईलमध्ये लिहून ठेवायचं, आणि त्या जखमांकडे शेवटी वळायचं. मरणाऱ्या डिस्ककडे किती वेळ उरलाय हे माहीत नसताना ह्याहून शहाणी रीत नाही. ह्याउलट विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क! डिस्क अडखळते म्हणून लोक चेकडिस्क चालवतात आणि ते बिचाऱ्या डिस्कला त्याच खराब जागी तासन्‌तास घासत बसतं, वर फाईल सिस्टीममध्ये दुरुस्त्याही लिहितं. डिस्क आवाज करायला लागली की एकच करायचं : वीज बंद.

२००९ च्या सुरुवातीला एका मोठ्या कंपनीच्या डिस्क, त्यांच्या आतल्या प्रोग्रॅमच्या म्हणजे फर्मवेअरच्या चुकीमुळे, एकामागून एक ‘बिझी’ अवस्थेत अडकायला लागल्या. हेड ठणठणीत, डेटा जागच्या जागी, पण संगणक सुरू होताना बायोसला डिस्क दिसतच नाही. उपाय मजेशीर होता. बोर्डावरच्या बारीक पिनांना सिरियल टर्मिनल, म्हणजे डिस्कला थेट आज्ञा टाइप करायची खिडकी, जोडायचं, ३८४०० बॉडच्या वेगाने. बोर्ड आणि मोटरच्या टोकांमध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवायचा. वीज द्यायची, टर्मिनलवरून डिस्कला शांत करायचं, मग वीज चालू असतानाच कागद काढून स्क्रू आवळायचे आणि पुढच्या आज्ञा द्यायच्या. माझ्या भागीदाराचा हात त्यात असा बसला की बाकीचे संगणक दुरुस्तीवाले आपापल्या ग्राहकांच्या डिस्क आमच्याकडे आणू लागले.

त्यांतलाच एक पुढे आमचा प्रतिस्पर्धी झाला. नाव लिहीत नाही, पण ओळखणारे ओळखतील. आमच्याच स्टुलावर बसून त्याने ती कागदाची युक्ती पाहिली, पिनांचा क्रम लिहून घेतला आणि तीन महिन्यांत स्वतःची पाटी लावली : ‘१०० टक्के रिकव्हरी’. ज्या डिस्कच्या तबकडीवर हेड घासून चुंबकीय थराची पूड झाली आहे, तिचं हा माणूस १०० टक्के काय करणार होता देव जाणे. त्याच्या पत्रकावर लॅमिनार फ्लो बेंचचा, म्हणजे धूळ गाळलेली हवा सोडणाऱ्या टेबलाचा, फोटो होता. तो बेंच आमचा होता. फोटोच्या कोपऱ्यात आमच्या भागीदाराचा अर्धा कोपर दिसतो. ते पत्रक मी अजून जपून ठेवलंय. त्याच्याकडे बेंच नव्हताच. तो डिस्कचं झाकण साध्या टेबलावर पंख्याखाली उघडायचा. हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं, केसाची जाडी त्याच्या हजारो पट, आणि ह्याच्या डिस्कवर अंगठ्याचे ठसे! मग त्याच डिस्क ‘आधी दुसरीकडे दाखवली होती’ असं सांगत आमच्याकडे यायच्या. काहींवर बाष्पाचे डागसुद्धा दिसायचे, कारण हा गृहस्थ डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा. थंडगार डिस्क बाहेर काढली की हवेतलं पाणी तिच्यावर बसतं, आणि ती वीज देऊन फिरवायची म्हणजे ओल्या रस्त्यावर डोळे मिटून धावायचं.

असो. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमधल्या पुराने डिस्कचे कारखाने बंद पाडले. बातम्यांत नव्या डिस्क महागल्याचं आलं. आमच्या धंद्याचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही. आम्हाला रोज दोन प्रकारच्या डिस्क लागतात. एक डोनर, म्हणजे हेड काढून घ्यायला त्याच मॉडेलची, त्याच हेड-नकाशाची (कोणती हेड वापरात आहेत तो), शक्यतो त्याच कारखान्यातली. दुसरी टार्गेट, म्हणजे कॉपी उतरवायला मोकळी. दोन्ही मिळेनात. भागीदार जुन्या डिस्क धुंडाळत बाहेरगावी फिरू लागला. मी एकटा, टेबलावर रांग, आणि टार्गेट म्हणून जे हाताला येईल ते पुसून वापरत होतो. एरवी ग्राहकाची डिस्क एका कंपनीची तर टार्गेट दुसऱ्या कंपनीची घ्यायची आमची पद्धत होती. ती चैन संपली.

अशात काका त्यांची ५०० जीबीची डिस्क घेऊन आले. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या जागा, २१६; वाचताना मधेमधे दम लागायचा. अवघड काम नव्हतं. टार्गेट म्हणून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, शून्यांनी पुसलेली डिस्क कपाटात होती. लाल पट्टीचं रीळ भागीदाराच्या खणात होतं. मी खण उघडला नाही.

जुन्या आयडीई जोडणीच्या काळात मास्टर म्हणजे मास्टर. डिस्क उठो वा न उठो, लिनक्समध्ये तिच्या नावातलं अक्षर ठरलेलं. साटा जोडणी आल्यावर कोणती डिस्क आधी उठते त्यावर अक्षरं फिरायला लागली. हे मला ठाऊक होतं, लोकांना मीच सांगत असे. पहिल्या वेळी काकांची डिस्क आज्ञा देताच गप्प झाली. मी केबल काढून पुन्हा लावली, मशीन पुन्हा सुरू केलं, वरचा बाण दाबून त्याच अक्षरांची मघाचीच आज्ञा आणली आणि एंटर मारलं. काकांची डिस्क उशिरा उठली होती. अक्षरांची अदलाबदल झाली होती. डीडीरेस्क्यू सरळ डिव्हाइसवर लिहायला सहजी तयार होत नाही, त्यासाठी ‘-एफ’ असं मुद्दाम सांगावं लागतं. ते मी सवयीने आधीच टाकलेलं होतं.

स्क्रीनवर वेग सेकंदाला ८० एमबी, त्रुटी शून्य. मी खूश झालो. तीन मिनिटं मी खूश होतो. चौथ्या मिनिटाला डोक्यात काहीतरी टोचलं : दम लागलेली डिस्क, आणि त्रुटी शून्य?

वीज तोडली. सुमारे १९ जीबी शून्यं काकांच्या डिस्कवर उतरली होती.

ज्यांना एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फायली ठेवायची पद्धत, माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. विंडोजने फॉरमॅट केलेल्या अशा पार्टिशनमध्ये एमएफटी, म्हणजे फायलींची अनुक्रमणिका, साधारण ३ जीबीच्या खुणेपाशी सुरू होते. फायलींची नावं, फोल्डर, कोणता तुकडा कुठे, सगळं तिथे. तिची आरशातली प्रत असते, पण त्या प्रतीत पहिल्या चारच नोंदी. स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तपासलं तर पेंडिंग सेक्टर २१६ वरून ९ वर आलेले. वर लिहिलं गेल्यामुळे ते सेक्टर निकाली निघाले होते. डिस्कच्या हिशेबाने मी तिला बरं केलं होतं.

सकाळी सहाला फोन केला. “काका, डिस्क तुमची, चूक माझी. सुरुवातीचा भाग माझ्या हातून पुसला गेलाय.” पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. मग म्हणाले, “आठ वाजता जॉब चढवायचाय. किती उरलंय तेवढं बघून ठेवा, मी येतो.”

उरलेल्या भागाची इमेज दोन दिवसांत निघाली, ह्या वेळी बरोबर दिशेने. नकाशा नाही म्हटल्यावर फायली त्यांच्या तोंडावरून ओळखायच्या. जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ. काकांचं नशीब असं की त्यांचं डिझाइनचं कोरेलड्रॉ जुनं, बाराव्या आवृत्तीचं. त्या काळच्या कोरेलच्या सीडीआर फाईलच्या तोंडाशी ‘आरआयएफएफ’ ही चार अक्षरं असतात आणि पुढच्या चार बाइटांत लांबी. म्हणजे फाईल सलग पडलेली असेल तर कुठे थांबायचं हे तीच सांगते. तुकडे झालेल्या फायली गेल्या. हिशेबाच्या वह्यांची एक्सेल पुसलेल्या भागातच होती, ती गेली. पण कोरेलच्या २ हजार ९०० हून जास्त फायली हाती लागल्या, सगळ्या बिननावाच्या. त्यांची नावं मी काय देणार? मला त्यातलं काय कळतंय? काका छापखाना बंद करून संध्याकाळी यायचे, स्टुलावर बसायचे, एकेक उघडायची. “हे पावतीपुस्तक. हे औषधाच्या खोक्याचं. ह्याचं चौथं प्रूफ, आधीची तीन उडवा.” सहा आठवडे. एकदाही चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

भागीदार परत आल्यावर त्याने आधी वही उघडली. त्या तारखेला सीरियल नंबर नव्हता. काही बोलला नाही. लाल पट्टीचं रीळ आणून माझ्या कीबोर्डवर ठेवलं आणि कामाला लागला. आठ महिन्यांनी त्याने नोकरी धरली. त्या रात्रीचा आणि त्याच्या जाण्याचा संबंध नाही, असं तो म्हणतो. मी ते मानतो, निदान दिवसा.

प्रतिस्पर्ध्याने मात्र सोनं केलं. ‘तिकडे डिस्क पुसून देतात’ हे वाक्य वर्षभर माझ्या कानावर येत राहिलं. येणाऱ्या डिस्क निम्म्याच्याही खाली आल्या, बेंच विकायला काढायची वेळ आली. गिऱ्हाईक तर आलंच नाही, आमच्या बेंचचा फोटो बघून एकाने विचारलं, हा त्या पाटीवाल्यांचाच बेंच ना? ज्या धंद्यात हात थरथरतो तिथे चुका सगळ्यांच्याच होतात, त्याच्याही झाल्या. त्याच्याकडून खरवडून आलेल्या तबकड्या मी स्वतः भिंगाखाली पाहिल्यात. त्यांच्या मालकांना त्याने सांगितलं होतं, ‘डिस्क आधीच तशी होती.’ सकाळी सहाला फोन त्याने कुणाला केला? आणि तरी पाटी त्याची मोठी.

आम्ही तरलो ते काकांमुळे. ज्याची डिस्क मी पुसली तोच माणूस आणखी चार छापखानेवाल्यांना घेऊन आला आणि माझ्यासमोर म्हणाला, “ह्यांच्याकडे द्या, हे खरं सांगतात.” मी मान वर केली नाही. त्यानंतर डिस्कवर काही लिहूच न देणारा राइट-ब्लॉकर घेतला. ग्राहकाची डिस्क त्याच्याशिवाय कुठल्याच मशीनला लागत नाही. मग पीसी-३००० आलं, दोन मुलं शिकून तयार झाली, काम चालत राहिलं.

आता एसएसडी येतात. फाईल पुसल्यावर ट्रिमने मोकळ्या केलेल्या जागेतून काढायला बहुधा काही उरलेलंच नसतं, आणि ते सांगितलं की लोक आमच्याकडे संशयाने बघतात. काही जण स्मार्टचा ‘ओके’ दाखवून भांडतात. त्यांना मी गूगलचा २००७ चा अभ्यास सांगतो : एक लाखाहून जास्त डिस्क, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. कॉपी दोन ठिकाणी ठेवा, बाकी स्मार्टशी गप्पा मारत बसा.

काकांच्या त्या फायलींपैकी शंभरेक अजून अनोळखी आहेत. इमेज आम्ही जपून ठेवली आहे, ‘नाव नाही’ ह्या फोल्डरसकट. ते काही कामाने आले की स्टूल ओढतात आणि दोन-चार उघडून बघतात. गेल्या महिन्यात एक ओळखली, बाटलीचं लेबल होतं. ज्यांचं होतं ती कंपनी केव्हाच बंद पडली. तरी काकांनी मला फाईलला नाव द्यायला लावलं.