दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह

मे २०२१. कोविडमधून नुकताच उठलेला, मधुमेह असलेला पेशंट. डावा गाल सुजलेला, नाकातून काळपट पाणी. वॉर्डातून आमच्या लॅबमध्ये फक्त रक्त आलं: गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकानसाठी. बऱ्याच बुरशींच्या पेशीभित्तिकेतले हे घटक, रक्तात सापडले की बुरशीचा संशय बळावतो. रक्त काढणं सोपं असतं, नाकातला तुकडा घ्यायला ईएनटीवाल्यांना बोलवावं लागतं.

गॅलॅक्टोमॅनन मी स्वतः लावते. सीरममध्ये ट्रीटमेंट सोल्युशन घालून ट्यूब १२० अंशांवर तापवायची. प्रथिनं साकळून पांढरा गठ्ठा होतो, तो सेंट्रीफ्यूजमध्ये खाली बसवून वरची निवळ घ्यायची. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. ग्लुकानला तर कापसाचा, गॉजचा तंतूही चालत नाही. त्यातल्या ग्लुकाननं खोटा पॉझिटिव्ह येतो. गॅलॅक्टोमॅननचा इंडेक्स आला ०.१४, ०.५ पासून पॉझिटिव्ह धरतात. ग्लुकान ३१ पिकोग्रॅम, आमच्या किटची मर्यादा ८०. कंट्रोल, म्हणजे पडताळणीचे नमुने, चोख.

पण म्युकरच्या, म्हणजे तेव्हा 'काळी बुरशी' म्हणत तिच्या, पेशीभित्तिकेत गॅलॅक्टोमॅनन नसतं आणि हे ग्लुकान नगण्य. म्हणून मी खाली लिहिलं, 'या तपासण्यांत म्युकर सापडत नाही. नाकातला तुकडा तातडीनं पाठवा.' सॉफ्टवेअरनं छापताना ती ओळच गाळली. मी फोन केला तेव्हा रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, दोन्ही निगेटिव्ह आले ना? फंगस नाही असं नातेवाइकांना सांगितलंय." पोरगा रात्रभर जागा होता, त्याच्यावर राग नाही. हजारोंच्या किटा घेणाऱ्यांना रिपोर्टवर दोन ओळींची जागा ठेवावीशी वाटली नाही, याचा आहे.

तुकडा रात्री आला. म्युकरचा संशय असला की तो खलात वाटायचा नाही, बुरशीचे धागे चिरडून मरतात आणि कल्चर उगवत नाही. ब्लेडनं बारीक काप केले, एकावर केओएच, म्हणजे पेशी विरघळवून बुरशी उघडी पाडणारं द्रावण, घालून थांबले. चाळीसच्या लेन्सखाली रुंद, फितीसारखे धागे, आडवे पडदे जवळपास नाहीत, फांद्या काटकोनात फुटलेल्या. अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी अशी दिसत नाही. लगेच कळवलं. नातेवाईक अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी गावभर फिरले, पहाटे ऑपरेशन झालं. जीव वाचला, डावा डोळा काढावा लागला.

रिपोर्ट दुपारीच गेला होता. तुकडा तेव्हाच आला असता तर डोळा राहिला असता का, असं सर्जनना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले.

हल्ली ती ओळ मी आकड्याच्याच रकान्यात टाइप करते. त्यामुळे निकालांचे तक्ते निघत नाहीत, अशी ऑफिसची तक्रार येते. येऊ दे.