दुखऱ्या कमरेला जमिनीवर बसवताना

गेल्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या एका वस्तीवरून पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी कंबरदुखीसाठी माझ्याकडे आल्या. त्यांची ओळख पटेल अशा खुणा मी येथे बदलल्या आहेत. साडीवरून रुंद पट्टा आवळलेला, हातात एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी, आणि खुर्चीत बसतानाही दोन्ही हात बाजूला टेकून अंग तोलून धरलेले. मी काही विचारण्यापूर्वीच त्यांनी फिल्म बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "तीन ठिकाणी गॅप आहे, ताई. गादी सरकलीय. खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय." दुखणे सहा वर्षांचे होते. त्यातली शेवटची चार वर्षे त्या जमिनीवर बसल्या नव्हत्या. गोळ्या, इंजेक्शने, कंबर ताणण्यासाठी वजन लावणे, शेक हे सगळे त्यांनी सरळ आवाजात सांगितले, पण "चार वर्षं चुलीपुढं बसून भाकरी थापली नाही" हे सांगताना त्यांचा आवाज बदलला.

मी अठरा वर्षे फिजिओथेरपी करते आहे. पडल्यावर मुरगळलेला घोटा किंवा शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा यांच्या उपचाराची वाट बहुतेक वेळा सरळ असते. तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकलेली वेदना मात्र त्या वाटेने चालत नाही, आणि तिच्याशी कसे वागावे हे शिकायला मला व्यवसायातली पहिली काही वर्षे पुरली नाहीत. या वेदनेसाठी आपण कोणते यंत्र लावतो किंवा कोणता व्यायाम देतो यापेक्षा रुग्णाचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास आपल्या हातून वाढतो की तुटतो, याला अधिक महत्त्व आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

अर्थात तपासणीत कुचराई करून हे मत मांडता येत नाही. वजन विनाकारण घटते आहे का, ताप येतो का, पूर्वी कर्करोग झाला होता का, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला आहे का, बसण्याच्या जागी बधिरता आहे का, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होते आहे का, हे प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेच लागतात, मग रुग्ण आधी कितीही जणांकडे जाऊन आलेला असो. यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याला तातडीने योग्य डॉक्टरांकडे पाठवावे लागते. मावशींच्या बाबतीत यातले काहीही नव्हते. गुडघ्याखालची आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया नीट होती, दोन्ही पायांत ताकद होती, आणि पाय सरळ उचलल्यावर कळ खाली उतरत नव्हती.

मग त्या फिल्मचे काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३३ अभ्यासांतील ३११० अशा लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमा एकत्र पाहिल्या गेल्या, ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती. विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. पन्नाशीपर्यंत ती झीज नसणे हाच अपवाद ठरतो. केस पांढरे होणे आणि गादीतले पाणी कमी होणे यांत फारसा फरक नाही. आपल्याकडे 'गॅप' हा शब्द मात्र इतका रुळला आहे की तो ऐकताच माणसाच्या डोळ्यांपुढे मणक्यांमध्ये पडलेली फट उभी राहते. वास्तविक तेथे फट नसते. गादी चपटी होऊन मणके उलट जवळ आलेले असतात. गादी तर 'सरकत' नाहीच. ती वरच्या आणि खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, आणि फुगते किंवा फाटते ती तिच्या जागी राहूनच. शिवाय फाटून बाहेर आलेला भाग अनेकांच्या शरीरात काही महिन्यांत आपोआप विरघळतो. ही माहिती मी मावशींना सांगितली तेव्हा त्यांनी फिल्म पिशवीत परत ठेवली, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

वेदना खरी आहे, हे त्यांना आधी पटायला हवे होते. जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी निगडित असलेला, अथवा तशा इजेसारखा भासणारा, अप्रिय संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव असा तिचा आशय आहे. त्यासोबतच्या टिपणात, व्यक्ती वेदना होते असे सांगत असेल तर त्या सांगण्याचा आदर करावा, असेही म्हटले आहे. इजा भरून आल्यानंतरही मज्जारज्जू आणि मेंदू यांतील संदेशवहन अतिसंवेदनशील राहू शकते. इजेनंतर मज्जारज्जूत अशी अतिसंवेदनशीलता निर्माण होते, हे मज्जाशास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्रयोगांतून दाखवले होते. हे सगळे सोप्या शब्दांत कसे सांगावे याचा मी विचार करत होते, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "आमच्या वस्तीवर एकदा चोरी झाली. तवापासनं कुत्रं पान पडलं तरी भुंकतंय." मी त्यापेक्षा चांगले समजावू शकले नसते. कुत्रा खोटा नाही, त्याचे भुंकणेही खोटे नाही, फक्त चोर आता अंगणात नाही. म्हणूनच "हे तुमच्या डोक्यात आहे" हे वाक्य मला क्रूर वाटते. त्यात रुग्णाला खोटे ठरवले जाते, आणि मज्जासंस्थेची ही खरीखुरी अवस्था नाकारली जाते.

येथे मला माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिणे भाग आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात यंत्रमागावर काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याची कंबर धरली होती. मी शेक दिला, विद्युत उपचाराची दहा सिटिंग केली, आणि तो बरा झाल्यावर निरोप देताना म्हणाले, "यापुढे कधी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तुझा मणका नाजूक आहे." सहा वर्षांनी तो पुन्हा आला. त्याने काम सोडले होते, आणि आपल्या चार वर्षांच्या मुलीला त्याने एकदाही उचलून घेतले नव्हते. कारण विचारले तेव्हा त्याने माझेच वाक्य माझ्याच शब्दांत मला ऐकवले. ते वाक्य मी काळजीपोटी बोलले होते. त्याच्या शरीरात कोठेही नसलेला नाजूकपणा त्याच्या मनात मीच घातला होता. भीतीपोटी हालचाल टाळणे, टाळल्यामुळे शरीर आणखी आखडणे, आणि आखडल्यामुळे दुखणे वाढणे या चक्राचे वर्णन व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली सविस्तर केले आहे. पण ते मला खऱ्या अर्थाने कळले ते त्या मुलीमुळे.

मावशींच्या पहिल्या भेटीतला जवळजवळ तासभर ऐकण्यात गेला. दुखणे कधी सुरू झाले, यापेक्षा त्या काळात घरात काय चालले होते हे मी विचारले. धाकट्या मुलाच्या अपघातानंतर त्या दोन महिने रुग्णालयातल्या बाकावर झोपल्या होत्या. झोप तेव्हापासून मोडली, ती अजून पहाटे दोनला मोडते. मुलगा बरा झाला, कंबर राहिली. हे ऐकून मी त्यांच्या दुखण्याला मानसिक म्हटले नाही. अपुरी झोप आणि सततची काळजी मज्जासंस्थेला सावध ठेवतात आणि सावध मज्जासंस्था वेदना वाढवते, एवढाच त्याचा अर्थ. उपचारात कंबरेबरोबर झोपेलाही जागा द्यावी लागली, ती यामुळेच.

दुसऱ्या भेटीत मी हातरुमाल जमिनीवर टाकला आणि तो उचलायला सांगितले. त्यांनी श्वास कोंडला, पोट घट्ट केले, एक हात मांडीवर दाबला, पाठ फळीसारखी ताठ ठेवली आणि गुडघे वाकवून अर्ध्यावरच थांबल्या. चेहरा आवळला होता. कंबरेवर हात ठेवला तर मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे ताणलेले लागत होते. "वाकलात तर काय होईल असं वाटतं?" असे विचारल्यावर उत्तर आले, "कट्‌कन आवाज होईल आणि पाय जातील." चार वर्षे ही बाई दिवसातून शंभरदा हे ओझे घेऊन हलत होती.

मी त्यांना खुर्चीवर बसवले. पोट सैल सोडायचे, श्वास सावकाश बाहेर टाकायचा, आणि तो सुटत असताना तळहात गुडघ्यांवरून नडग्यांकडे घसरू द्यायचे. पहिल्यांदा हात नडगीच्या मध्यापर्यंत गेले, चौथ्यांदा घोट्यांपर्यंत. पाचव्यांदा त्यांच्या बोटांना जमीन लागली. त्यांनी तशाच वाकलेल्या अवस्थेत मान तिरकी करून माझ्याकडे पाहिले. दुखत होते का, तर होते. मात्र आवाज झाला नव्हता आणि पाय जागेवर होते. मी "दुखलं का?" हा प्रश्न शक्यतो टाळते, आणि "वाटलं होतं तसं झालं का?" असे विचारते, कारण शिकणे त्या दुसऱ्या प्रश्नात असते.

जमिनीपर्यंत पोचायला नऊ आठवडे लागले. खुर्चीनंतर बुटके स्टूल, मग एकावर एक ठेवलेले तीन पाट, मग दोन, मग एक. प्रत्येक पायरीवर किती वेळ बसायचे ते घड्याळ ठरवत असे, दुखणे नव्हे. ही कल्पना विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञांची. सिएटलमध्ये काम करताना त्यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिले की, दुखेपर्यंत काम करून दुखल्यावर विश्रांती घेतली की दुखणेच दिनक्रमाचा मालक होते. मावशींचे तसेच चालले होते. बरे वाटले त्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढले. म्हणून आम्ही तीन दिवस पाहणी केली, त्यांना सहज जमणाऱ्या वेळेपेक्षा थोडी कमी वेळ धरली, आणि चार मिनिटांपासून सुरुवात केली. चांगल्या दिवशी आठ मिनिटे जमत असली तरी चारच, आणि वाईट दिवशीही चार. चांगल्या दिवशी थांबणे त्यांना फार जड गेले, कारण राहिलेले काम समोर दिसत असते.

भीती वाटणारी हालचाल हळूहळू परत मिळवून देण्याच्या या पद्धतीला अलीकडे बळकट आधार मिळाला आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील फिजिओथेरपिस्ट पीटर ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्थ व सिडनीतील ४९२ रुग्णांवर केलेली अशा उपचाराची चाचणी २०२३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि सव्वीसाव्या आठवड्यात एक उजळणीची भेट एवढ्या उपचाराने रुग्णांच्या दैनंदिन हालचालींवरची बंधने नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत बरीच कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. त्याच वर्षी डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसोपचारातल्या काही पद्धती यांची शिफारस आहे, तर कमरेचे पट्टे, वजन लावणे आणि ध्वनिलहरींचा अल्ट्रासाउंड उपचार यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये असे म्हटले आहे. माझ्याही खोलीत ती यंत्रे आहेत. शेक सुखावतो, तो जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर महिने घालवू नयेत. परदेशी चाचण्या वाचताना एक गोष्ट मात्र जाणवते. आपल्याकडे जेवण, पूजा, दळण-कांडण, पंगत, पाहुण्यांशी गप्पा हे सगळे जमिनीवर होते, त्यामुळे "खाली बसू नका" या सल्ल्याने माणूस कामाबरोबर घरातूनही बाजूला पडतो.

सगळ्याच चिवट वेदना कंबरेच्या नसतात. मनगटाचे हाड जुळल्यानंतरही हात सुजलेला, रंग बदललेला, पदराचा स्पर्शही सहन न होणारा असा रुग्ण आला तर हालचालीची सुरुवातही जास्त वाटते. तेथे वेदना-संशोधक लोरिमर मोझली यांनी २००४ साली मांडलेला क्रम उपयोगी पडतो: आधी चित्रातला हात डावा की उजवा ते ओळखणे, मग हालचालीची केवळ कल्पना करणे, आणि शेवटी आरशाचा उपचार, ज्याचा प्रयोग मज्जाशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी, कापल्यामुळे आता नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनेसाठी, नव्वदच्या दशकात केला होता. मी पुठ्ठ्याच्या खोक्याला आरसा लावून काम भागवते. यावरचे अभ्यास लहान आहेत, तरी ज्या हाताला स्पर्शही करता येत नाही त्याच्यासाठी ही वाट मला मोलाची वाटते.

सहाव्या आठवड्यात मावशींना शिंक आली आणि उसण भरली. पूर्वीची सगळी भीती एका क्षणात परतली आणि त्यांनी पट्टा पुन्हा दिवसभर बांधला. अशा दिवसांसाठीचा कागद आम्ही आधीच लिहून ठेवला होता: वेळ निम्मी करायची पण शून्य नाही, अंगणात फेऱ्या, श्वास, रात्री शेक. या वेळी मी सुनेलाही बोलावले. ती सासूला प्रेमापोटी कशालाच हात लावू देत नव्हती, आणि त्या प्रेमातून मावशींना रोज हेच कळत होते की आपण आता निकामी झालो. सुनेने डोळे पुसले आणि विचारले, "मग मी काय करू?" मी म्हटले, "त्यांना पीठ मळायला द्या."

या कामाला वेळ लागतो, आणि वेळेची किंमत करणे आपल्याकडे अवघड आहे. यंत्र लावले तर उपचार झाला असे रुग्णाला वाटते. तासभर बोलून, खुर्चीवरून वाकवून घरी पाठवले तर पैसे कशाचे, असा प्रश्न नातेवाइकांच्या चेहऱ्यावर दिसतो. महाविद्यालयातही आम्हाला स्नायूंची ताकद आणि सांध्यांचे कोन मोजायला उत्तम शिकवले, मात्र घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे यावर एक तासही खर्च झाला नव्हता. हा विषय अभ्यासक्रमात शरीररचनेइतक्याच गांभीर्याने यायला हवा.

दिवाळीच्या आधी मावशी फडक्यात बांधलेल्या तीन भाकऱ्या घेऊन आल्या. बाजरीच्या होत्या, कडेला थोड्या करपलेल्या. तीन झाल्यावर घड्याळाप्रमाणे उठले, बाकीच्या सुनेने केल्या, असे त्यांनी सांगितले. कंबर अजून दुखते. पहाटे जाग येते, पण आठवड्यातून दोन-तीनदाच. आता त्या पाच भाकऱ्यांपर्यंत आल्या आहेत. पट्टा मात्र एसटीच्या प्रवासात त्या अजूनही बांधतात, आणि तो कधी सोडायचा हे मी त्यांच्यावरच सोपवले आहे.