पांदण मार्ग, नोंद सातवी: पाऊस नाही, तरी चिखल

सापडलं. दीड महिना ज्या चिखलानं जीव खाल्ला, त्याचं कारण गुरुवारी सकाळी सापडलं. ते आभाळात नव्हतंच, जमिनीखाली होतं.

मार्ग मागच्या नोंदीतलाच आहे, घरून हिंगणघाटच्या जिनिंगपर्यंत माझा रोजचा सायकलचा. शिवेपर्यंत गावचं डांबर, तिथून सव्वातीन किलोमीटर पांदण, म्हणजे वावरांमधली कच्ची गाडीवाट, मग रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) ओलांडून जिल्हा मार्ग आणि मागच्या अंगानं हिंगणघाटात. एकूण १७.५ किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४४ नं गेलं तर १४. साडेतीन किलोमीटर जास्त जाऊन एवढा खटाटोप कशाला, असं वाचणाऱ्या दोघांनी विचारलं, म्हणून पुन्हा सांगते. आमच्या फाट्यावर दुभाजकाला फट नाही. त्यामुळे दुचाक्या आणि ट्रॅक्टर कडेच्या पट्टीवरून उलटे येतात. पांढऱ्या रेषेच्या डावीकडची जी जागा मी माझी समजते, तीच समोरून येणाराही आपली समजतो. त्यात हिवाळ्याचं धुकं आणि कापसाचा सीझन, म्हणजे ताडपत्री फुगलेले ट्रक. नोव्हेंबरात बिनदिव्याची एक ट्रॉली माझ्या हँडलपासून वीतभर अंतरानं गेली. त्या दिवसापासून महामार्ग बंद.

वेळेचं गणित पहिल्यापासून तंग आहे. उजाडल्याशिवाय पांदणीत शिरायचं नाही, ही आईची अट, आणि ती मला पटलेली आहे. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आठला हजेरी. दिवस सगळ्यात लहान २१-२२ डिसेंबरला असला तरी सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्याला, आपल्याकडे ६:५० च्या सुमारास. दिसण्यापुरता उजेड त्याआधी वीसेक मिनिटं येतो. म्हणून ६:२५ ला घर, ६:३५ ला पांदणीचं तोंड. ताशी १५ च्या वेगानं सत्तर मिनिटं लागतात, हाताशी पंचवीस उरतात. चाक एकदा जाम झालं की ती पंचवीस तिथंच संपतात.

आणि चाक जाम होत होतं. वहीत ११ दिवस लिहिलेत. पाऊस शून्य, आकाश स्वच्छ, आदल्या संध्याकाळी परतताना पांदण ठणठणीत, आणि सकाळी त्याच जागी, बाभळीपासून आंब्यापर्यंत, दोनशे पावलांत चिखल. काळ्या मातीचा चिखल ज्यांनी सायकलवर अनुभवला नाही त्यांना सांगते, पूर्ण ओला परवडला. तो पातळ असतो, गळून जातो. अर्धा ओला असला की चाकाच्या एका फेऱ्यात बोटभर थर बसतो, दुसऱ्या फेऱ्यात त्याला पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडांच्या) काड्या चिकटतात, आणि तिसऱ्यात मडगार्ड आणि टायरच्या मध्ये वीट तयार होते. मग उतरायचं आणि खरवडायचं. त्यासाठी घरचा जुना सराटा, म्हणजे उलथणं, फ्रेमला रबरानं बांधून ठेवलाय. बाजारातली प्लास्टिकची खरवडणी दोनदा वाकली, सराटा अजून जसाच्या तसा आहे.

पहिला संशय दहिवरावर (दवावर) होता. पण दहिवरानं फुफाटा बसतो, चिखल होत नाही. दुसरा संशय कालव्यावर. कालव्याला पाणी सुटलं की पाझर येत असेल असं वाटलं, पण कालवा कोरडा असतानाचेही चार दिवस वहीत निघाले. पाचव्या नोंदीत मी टायर ३८ मिलिमीटरवरून ४० करायचं लिहिलं होतं. तो निव्वळ वैतागातला निर्णय होता. टायर जाड केला तर मडगार्डखालची फट आणखी कमी होते. ३८ च राहणार.

गुरुवारी थंडी कडक होती. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदलं गेलं तशी नाही, पण दोन हातमोज्यांतही बोटं वाजत होती. आंब्याजवळ चाक अडकलं. सायकल आडवी केली, सराटा काढला, आणि दिसलं की बैलबंडीच्या चाकोरीत साचलेल्या पाण्यावरून वाफ निघतेय. रपट्यावरचं धुकं इतक्या दूर येत नाही. हातमोजा काढून बोट बुडवलं. पाणी कोमट होतं.

कोमट! रात्रभर उघड्यावर असलेलं पाणी त्या थंडीत बर्फासारखं लागायला हवं. कोमट पाणी म्हणजे नुकतंच जमिनीतून वर आलेलं. खोल बोअरचं पाणी हिवाळा-उन्हाळा जवळपास एकाच तापमानाचं असतं, म्हणून थंडीत ते ऊन लागतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी इतके दिवस डोक्यात आलं नाही. मी धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) चढून पाहिलं. गव्हाच्या वावरातला दांड (ओलिताचा पाट) पांदणीच्या कडेला फुटला होता आणि पाणी सावकाश चाकोरीत उतरत होतं.

वावरातले काकाजी फावडं घेऊन आलेच. म्हणाले, "बाई, या हप्त्यात लाइन रातची हाय. अंधारात दांड कुठं फुटला ते कोन पाह्यते? सकाळी येऊन बांधतो मी."

रातची लाइन. लाइन म्हणजे वीज. आमच्या फिडरला (वावरांना वीज देणाऱ्या वाहिनीला) मोटारी चालवणारी थ्री फेज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. दिवसाच्या पाळीत दांड फुटला तर तो लगेच बांधला जातो, आणि संध्याकाळपर्यंत ऊन-वारा पांदण सुकवतो. रात्रीच्या पाळीत पाणी पहाटेपर्यंत वाहतं आणि मी बरोबर त्यावर पोचते. घरी येऊन वही आणि लाइनची पाळी शेजारी ठेवून जुळवली. ११ पैकी १० दिवस रातच्या लाइनीच्या दुसऱ्या सकाळचे! अकरावा हरभऱ्याच्या वावरातल्या स्प्रिंकलरचा असावा, तिथला एक नोझल पांदणीवर फवारतो. त्या संध्याकाळी मी आईला तीच गोष्ट तीनदा सांगितली.

म्हणजे आता हवामानाचा अंदाज पाहायचा नाही, लाइनची पाळी पाहायची. दिवसाची लाइन असेल तर पांदण. रातची असेल तर शाळेमागच्या लांब डांबरानं, २१ किलोमीटर. तो रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला आहे. डांबर पावणेचार मीटर रुंद, आणि कापसाच्या बंड्या पहाटेच निघालेल्या असतात, म्हणून दिवा आवश्यक. चाक फिरलं की वीज देणाऱ्या डायनॅमो हबवर ६ व्होल्ट, ३ वॉटचा कटऑफ दिवा लावलाय, त्याचा झोत जमिनीवरच राहतो. आधीचा चार्जिंगचा दिवा सरळ बैलांच्या डोळ्यांत जायचा. एकदा जोडी बुजली आणि बंडी नालीकडे सरकली. ज्यांच्या वाटेवर बंड्या आहेत त्यांनी लुमेन (उजेडाचं माप) मोजत बसू नये, झोताचा आकार पाहावा.

मडगार्डचं राहिलं. नागपूरच्या एका दुकानानं मागवलेल्या मापाऐवजी दुसऱ्या मापाचे स्टे (मडगार्ड धरणाऱ्या तारा) पाठवले आणि बदलून द्यायला तीन आठवडे लावले. आता पुढचं मडगार्ड अर्ध्यात कापून टाकलंय. बूट भिजतात, पण चाक फिरतं.

गोखरूच्या काट्यांचे पंक्चर या महिन्यात दोनच. ट्यूबमधल्या सीलंटचा (छिद्र बुजवणाऱ्या द्रवाचा) पैसा वसूल.

हे लिहिता लिहिता सुचलं. २१ किलोमीटरचा फेरा घ्यायचाच कशाला? दांड नेहमी एकाच ठिकाणी फुटतो, आंब्याच्या अलीकडे, जिथं धुरा खचलाय. तिथं चाकोरीखालून सिमेंटचा पाइप टाकला तर फुटलेलं पाणीही पलीकडच्या नालीत जाईल. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गाव नकाशा उघडून पाहिला. आपली पांदण दुहेरी तुटक रेषेची आहे, म्हणजे गाडीमार्ग. पाइप टाकायला जागा आहे. एकेरी तुटक रेषेचा पायमार्ग असता तर बंडीच गेली नसती.

काकाजींना फोन केला. त्यांच्या गोठ्यामागे घरकुलाच्या कामातून उरलेले दोन पाइप पडून आहेत. "रविवारी ये, पोरी. मुरूम मी आनतो," म्हणाले. त्यांची बंडीही तिथंच फसते, हे त्यांनीच सांगितलं. म्हणून लांब डांबराची चाचणी पुढं ढकलली. आधी पाइप. सोमवारी पुन्हा रातची लाइन सुरू होतेय, म्हणजे लगेच परीक्षा. मंगळवारी सकाळी ६:३५ नंतर लगेच मी आंब्याजवळ असेन, सराटा बांधलेलाच ठेवून.