पेंढा कुणी बाजूला केला?

संध्याकाळी कोलंबी सोलायला बसल्या की आमच्या घरातल्या दोघी, बायको आणि सूनबाई, मोबाइल पातेल्याला टेकवून ठेवतात आणि खुनाच्या गोष्टी लावतात. हात वासाचे, म्हणून पुढची गोष्ट लावायला मला हाक. असं करता करता मीही ऐकायला लागलो. पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण आम्ही तीन वेगवेगळ्या आवाजांत ऐकलंय. चाल सगळ्यांची एकच. कुत्रं भुंकतं, दार वाजतं, मग पोलिसांना धागा सापडतो आणि आरोपी गजाआड. सून म्हणते, "बरं झालं, सापडले मेले."

मला दरवेळी तिथेच प्रश्न पडतो, पंच कोण होते? म्हणजे जप्तीच्या वेळी पोलीस साक्षीला उभे करतात ती बाहेरची माणसं.

हसू नका. मी पंच होतो, म्हणून विचारतो.

बंदरावर माझं दुकान आहे: दोर, जाळी, बोये, शिसं. कुठलं बंदर ते लिहीत नाही, त्यातली माणसं अजून इथेच राहतात. पंधराएक वर्षं झाली असतील. मुंबईकरांचं एक बंद घर फुटलं. गणपतीला उघडायचं, बाकी वर्षभर कुलूप. तांब्याचे हंडे गेले, पाण्याचा पंप गेला आणि देवघरातली कमरेएवढी समई गेली. चार दिवसांनी हवालदार दुकानात आले. "नाना, दोन मिनिटं या, पंच म्हणून." आमच्या गल्ल्यातल्या पोरावर दुकान सोपवून जीपमध्ये बसलो. दुसरा पंच म्हणून वाटेत सलूनवाल्याला उचललं. आरोपी म्हणजे कातकरवाडीतला एक पोरगा, एकोणीस-वीसचा. माझ्याच दुकानातून गळ न्यायचा, सुटे पैसे मोजून द्यायचा.

मांगर, म्हणजे पेंढा ठेवायचं खोपटं, वरच्या अंगाला होता. मे महिन्याची चढण, माझे गुडघे. मी आणि सलूनवाला मागे पडलो. वर पोहोचलो तेव्हा समई अंगणात उभी होती. एक वात ठेवायची जागा वाकलेली, पितळ काळवंडलेलं आणि बुडाला पेंढ्याच्या दोन काड्या चिकटलेल्या. पोरगा बाजूला उकिडवा बसलेला. समईवर आमच्या सह्यांची चिठ्ठी लावली, लाख वितळवून सील केलं. तो लाखेचा वास आजही आठवतो. पंचनाम्यात लिहिलं होतं, आरोपीने आम्हां पंचांसमक्ष पेंढा बाजूला सारून सदर समई स्वहस्ते काढून दिली. मी वाचलं. "आम्ही तर आत्ता आलो" असं तोंडात आलं होतं. पण ऊन होतं, दुकान उघडं होतं, आणि समई तर खरीच होती ना? सही केली.

त्या एका ओळीचं वजन किती, ते नंतर एका वकील मित्राने सांगितलं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं २७वं कलम. म्हणजे अख्खी केस त्या पेंढ्यावर उभी. समई त्याने दाखवली की पोलिसांना आधीच ठाऊक होती, हे सांगणारे बाहेरचे असे आम्ही दोघेच. कायद्याच्या भाषेत आम्ही त्या वस्तीतले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी.

तीन वर्षांनी समन्स आलं. दोनदा तारीख पडून परत आलो, तिसऱ्यांदा पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीने तुमच्यासमोर काढून दिली? रात्रभर मी या प्रश्नावर जागा होतो. "हो," म्हटलं. खरं बोललो असतो तर फितूर ठरलो असतो, आणि गावात सगळे म्हणाले असते, नानाने पैसे खाल्ले. पोराच्या वकिलाने दोनच प्रश्न विचारले. पंचनामा वाचून सही केलीत का? सही तुमचीच का? पेंढा कुणी बाजूला केला, ते त्याने विचारलंच नाही. पोराला शिक्षा झाली. चोरी त्यानेच केली असेलही. नसेलही. मला माहीत नाही, आणि मी मात्र माहीत असल्यासारखं सांगून आलो.

म्हणून नाशिकचं प्रकरण मी घरातल्यांना स्वतःहून सांगितलं. २००३ साली तिथे रात्री वस्तीवर दरोडा पडला. घरातली पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. पकडलेले सहाही जण भटक्या जमातीतले. खालच्या कोर्टाने सगळ्यांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, तेही नंतर शाबीत झालं. मग प्रकरण पुन्हा उघडलं आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत. सरकारने प्रत्येकी पाच लाख द्यावेत असा हुकूम झाला. त्या रात्री वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या अल्बममधले भलतेच चार चेहरे ओळखले होते. त्यांचा तपास झालाच नाही.

सून कोलंबी हातात धरून थांबली. "मग खरे कोण?"

तेच तर. सहा माणसांचं आयुष्य गेलं, आणि त्या घरातल्या पाच जणांचाही निकाल लागला नाही. सांगायला बसलं तर ही गोष्ट कुठे संपवायची?

आता नवा कायदा आलाय. १ जुलै २०२४पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. मला बरं वाटलं होतं. परवा एक तरणा शिपाई दुकानात आला, बोटीच्या इंजिनाच्या चोरीत पंच पाहिजे म्हणून. मी म्हटलं, येतो, पण या वेळी मी पुढे चालणार. तो हसला. "अहो नाना, आता कसली काळजी? सगळं मोबाइलमध्ये शूटिंग असतं."

"चालू कधी करता?"

"माल मिळाला की लगेच."